तीन दिवसांपुरतं फ्रेंच

केल्पी कोव्ह या कोळ्यांच्या गावातल्या टेकडीवर चढलं की निरभ्र दिवशी फ्रान्स दिसायचा. सें-पिएर नावाचं एवढंसं बेट, पण झेंडा फ्रान्सचा, पोलीस फ्रान्सचे आणि पावही फ्रान्सचाच. जवळच्या फॉर्च्यून बंदराच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की तास-सव्वा तासात माणूस तिकडे. तरीही व्हर्ना कीपिंगच्या नववीच्या वर्गातल्या अकरा पोरांपैकी दहांनी तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं. अकरावा ट्रॉय. तो दोन महिन्यांचा असताना आईच्या कुशीत जाऊन आला होता आणि त्या जोरावर वर्गात परदेश पाहिलेला माणूस म्हणून मिरवायचा.

व्हर्ना या शाळेत आली ती स्वयंपाक आणि शिवण शिकवायला. आठ वर्षांपूर्वी फ्रेंचचे मास्तर बदली घेऊन गेले आणि मुख्याध्यापक बंगे यांनी एका सकाळी तिच्या टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा आणून ठेवला. "तुम्ही त्या पदार्थांची नावं किती छान म्हणता," असं ते म्हणाले. झालं, ती फ्रेंचची बाई झाली. कॅसेटी ऐकून, शब्दकोश उशाशी घेऊन तिनं भाषा शिकली आणि पोरांच्या एक धडा पुढे राहत आठ वर्षं काढली. मात्र खऱ्या फ्रेंच माणसाशी ती आजवर एक वाक्यही बोलली नव्हती. सहा वर्षांपूर्वी बहिणीबरोबर ती एका दिवसासाठी बेटावर गेली होती. बेकरीत शिरली आणि शेवटी नुसतं बोट दाखवून पाव घेऊन ती बाहेर आली. हे फक्त बहिणीला माहीत होतं, आणि दर नाताळात जेवणाच्या टेबलावर बहीण तसंच बोट करून बटाटे मागायची.

जानेवारीत बंगेसाहेबांनी सहलीला होकार दिला. मे महिन्यात तीन दिवस, पोरांनी दोघादोघांनी तिथल्या घरांत राहायचं.

"पण बाई, यांना बोलता येणार आहे का तिथे?" त्यांनी विचारलं.

"येईल," व्हर्ना म्हणाली, आणि वर्गात येऊन तिनं पुस्तक मिटलं. पुढचा धडा पॅरिसच्या भुयारी रेल्वेचं तिकीट काढण्याचा होता. सें-पिएरला रेल्वे सोडा, धड सिग्नलही नव्हता.

तिनं भिंतीवर तपकिरी कागद लावला आणि त्यावर ते तीन दिवस तासातासानं मांडले. शुक्रवारी दुपारी बोटीतून उतरून पासपोर्ट दाखवायचा. मग यजमानांच्या दारात उभं राहायचं, मग जेवण, मग अंघोळीला गरम पाणी कुठून सोडायचं ते विचारायचं. शनिवारी बेकरी, पोस्टाचं तिकीट, चुकलेला रस्ता. रविवारी निरोप आणि पावणेतीनची बोट. एकेका तासाचा एकेक धडा. बोटीत पोट ढवळलं तर काय म्हणायचं याचा धडा ट्रॉयनं मागून घेतला.

पोरं कामाला लागली. फेब्रुवारीत बेकरीचा धडा इतका पक्का झाला की व्हर्ना बेकरीवाली व्हायची आणि पोरं रांगेनं येऊन पाव मागायची, पैसे द्यायची, आभार मानून जायची. कुणी अडखळत नव्हतं. तिला मनातून फार बरं वाटत होतं.

अशाच एका गुरुवारी केंड्रा स्नूकचे आजोबा तिचा विसरलेला डबा द्यायला आले. अँब्रोज स्नूक, वय शहात्तर, गावभर सगळ्यांचे अँब्रोज काका. दारात उभं राहून त्यांनी तीन गिऱ्हाइकं पाहिली आणि हसू दाबायला टोपी तोंडावर धरली.

"काय झालं हो काका?" व्हर्नानं विचारलं.

"काही नाही, पोरी. झकास चाललंय. फक्त, पाव संपला असेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे पोरगं म्हणतंय पाव द्या, तू म्हणतेस हा घ्या. मी चाळीस वर्षं गळाला लावायचं हेरिंग माशांचं आमिष विकायला सें-पिएरच्या धक्क्यावर जात होतो. मला एकदाही कुणी पुस्तकातलं उत्तर दिलं नाही."

व्हर्नाला राग आला. आठ वर्षांत प्रथमच धडा असा गुळगुळीत चालला होता. पण राग गिळून ती म्हणाली, "मग पुढच्या गुरुवारी तुम्हीच व्हा बेकरीवाले."

पुढच्या गुरुवारी काका दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले. टेबलामागे बसले. ट्रॉय ऐटीत पुढे गेला आणि त्यानं पाव मागितला. काकांनी भराभर काहीतरी विचारलं. ट्रॉयनं मागे वळून पाहिलं.

"मिस, हे कागदावर नाहीये."

"नसू दे. काय म्हणाले ते?"

"काय माहीत."

"मी विचारलं, तू कुणाचा रे," काका म्हणाले. "तिथे पहिलं हेच विचारतात. जसं आपल्याकडे."

ट्रॉयनं पुन्हा पाव मागितला. काकांनी फ्रेंचमध्ये सांगितलं की पाव संपला, आता दुकान बंद, जेवून आल्यावर उघडेन. ट्रॉयनं मनापासून आभार मानले, पैसे ठेवले आणि नसलेला पाव काखेत मारून परत आला. वर्ग लोळायचा बाकी राहिला. हसता हसता व्हर्नाच्या लक्षात आलं की गेले दोन महिने आपण पोरांना फक्त विचारायला शिकवलंय. समोरचा माणूस काही बोलेल, ही गोष्टच तिनं हिशेबात धरली नव्हती. बेकरीत ती स्वतः नुसतं बोट दाखवून बाहेर पडली तीही त्याच भीतीनं, हे तिला त्या टेबलाशी उभं असताना कळलं.

तिनं तपकिरी कागद उतरवला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तेच तास पुन्हा लिहिले. या बाजूला उत्तरं. दर गुरुवारी काका यायचे आणि प्रत्येक धड्यात खोडा घालायचे. पोस्टात तिकिटं संपलेली असायची, यजमानीण तिसऱ्यांदा वाढायची, रस्ता सांगणारा माणूस बहिरा असायचा. केंड्रानं सगळ्यांसाठी तीन वाक्यं काढली: पुन्हा सांगा, हळू सांगा, आणि आम्ही केल्पी कोव्हचे. "तिसऱ्यानं काय होईल?" व्हर्नानं विचारलं. "दया येईल," केंड्रा म्हणाली.

एक भानगड मात्र व्हर्नाला मार्चमध्ये कळली. काकांचं फ्रेंच ऐकायला सुरेख होतं, पण सगळं बोटीवरचं. बसा म्हणायचं असेल तर ते म्हणायचे नांगर टाका. पिशवीत ठेवा म्हणजे बोटीच्या पोटात उतरवा. रस्त्यावर डावीकडे-उजवीकडे वळायला ते खलाशांचे शब्द वापरायचे, आणि थांब म्हणजे दोर बांध. तिनं शब्दकोश काढून हळूच दुरुस्त्या सुरू केल्या, पण पोरांना पुस्तकी शब्दापेक्षा नांगर फार आवडला होता. हिलियर जुळ्या बहिणी तर एकमेकींशी मधल्या सुट्टीतही तेच बोलायच्या. व्हर्नानं काळजी करायची ठरवलं आणि मग काळजीला वेळच मिळाला नाही.

एप्रिलमध्ये ट्रॉयची आई बर्फावर घसरून पायाचा घोटा मोडून बसली. ती सहलीला सोबत येणार होती. आता दुसरं मोठं माणूस कोण, हा प्रश्न आला. व्हर्ना काकांकडे गेली.

"मी नको," काका म्हणाले. "सोळा वर्षं झाली. कॉडची मासेमारी बंद झाली, बोट किनाऱ्यावर ओढली, तेव्हापासून गेलो नाही."

"का नाही गेलात?"

"जायचं कशाला? विकायला काही नाही." पण लगेच स्वतःच पुढे म्हणाले, "फिर्मां असेल म्हणा. माझं आमिष तोच घ्यायचा. सकाळी धक्क्यावर असतोच तो." मग त्यांनी विचारलं, "बॅग केवढी चालते?"

मेमधल्या त्या शुक्रवारी समुद्र तव्यासारखा सपाट होता. ट्रॉयचा पोट ढवळण्याचा धडा फुकट गेला, याचं त्याला वाईट वाटलं. पासपोर्ट बघणाऱ्यानं केंड्राला विचारलं कशाला आलात, तिनं सांगितलं. मग त्यानं आणखी काही विचारलं. केंड्रानं हळू सांगा म्हटलं, त्यानं हळू सांगितलं, बॅगेत मांस आहे का. तिनं नाही म्हटलं आणि वर, दुपारच्या जेवणात खाल्लेलं पोटात आहे, असंही सांगितलं. तो माणूस हसून पुढच्याकडे वळला. व्हर्ना मागे उभी राहून नखं खात होती.

पहिल्याच संध्याकाळी तिचं वेळापत्रक अर्ध्या तासानं कोलमडलं, कारण बेटावरचं घड्याळ अर्धा तास पुढे आणि तिनं सगळा कागद घरच्या वेळेनं लिहिलेला. शनिवारी सकाळी बेकरीत ती पोरांवर नजर ठेवण्यात इतकी गुंतली होती की बेकरीवालीनं तिला काय हवं विचारलं, तिनं सांगितलं, तो प्रकार संपला म्हणून दुसरा सुचवला, तिनं तो घेतला, आणि रस्त्यावर आल्यावर काखेतला पाव बघून ती एकदम थांबली. बोलले मी, असं तिच्या मनात आलं. सांगायला जवळ कुणी नव्हतं. तिनं पावाचा शेंडा मोडून खाल्ला.

हिलियर जुळ्यांनी त्या दिवशी एका म्हातारीला पोस्टाचा रस्ता विचारला, अर्थातच काकांच्या फ्रेंचमध्ये, बोट डाव्या अंगाला वळवू की उजव्या. म्हातारी पायरीवर बसलीच. मग तिनं समोरच्या खिडकीतल्या बाईला हाक मारली आणि पोरींना तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

"मिस, त्या म्हणाल्या त्यांचे आजोबा असंच बोलायचे," एक जुळी सांगत आली. "आम्हाला केक दिला."

"दोनदा," दुसरी म्हणाली.

काका मात्र गप्प होते. शुक्रवारी पोरं घरोघर पोचल्याबरोबर ते धक्क्यावर गेले होते आणि लगेच परत आले. व्हर्ना आणि ते मादाम ओदीलच्या खाणावळीत, वरच्या भाड्याच्या खोल्यांत उतरले होते. टोपी हातात फिरवत त्यांनी सांगितलं, "फिर्मां गेला. चार वर्षं झाली. बायको आहे, सोलांज. वरच्या आळीत पिवळं घर." जेवताना मादाम ओदील बोलायची, काका मान हलवायचे.

रविवारी सकाळी धुकं उतरलं. रस्त्याच्या पलीकडचं घर दिसेना. दहा वाजता निरोप आला, बोट आज नाही, उद्या बघू. व्हर्नाचा तपकिरी कागद पावणेतीनच्या बोटीशी संपला होता. पुढे लिहिलेलं काहीच नव्हतं. आता पाच-सहा घरांत जाऊन पोरांना आणखी एक रात्र ठेवून घ्या, असं मागायचं. तिनं वाक्य लिहून काढलं, तीनदा खोडलं, आणि ते पुटपुटत ती जुळ्यांच्या यजमानणीच्या दारात गेली.

दार उघडताच बाई म्हणाली, "ठाऊक आहे. बोट बांधलेलीच आहे, म्हणून पोरीही बांधलेल्याच. त्यांनी सांगितलं मला. आता बटाटे सोलतायत."

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी केंड्रानं यजमानांना विचारून वर आपल्या आजीला फोनही लावला होता. ट्रॉयच्या यजमानांकडे त्याला विचारायची वेळच आली नव्हती. धुकं बघून घरच्यांनीच त्याची गादी परत घातली होती आणि तो पत्ते खेळत होता. व्हर्नानं आपला कागद खिशात चुरगळला. सगळ्या घरांतून फिरून ती परत आली तेव्हा तिचं डोकं हलकं झालं होतं, आणि थोडं रिकामंही.

खाणावळीच्या स्वयंपाकघरात काका एकटेच टेबलाशी बसले होते. मादाम ओदील पाठ करून भाजी चिरत होती.

"पोरी, एक धडा देशील का?" काका म्हणाले.

"कसला?"

"त्या बाईकडे जायला हवं. आणि मला घरातलं फ्रेंच येत नाही. चाळीस वर्षं बोललो ते धक्क्यावर. कुणाच्या घरात पाऊल ठेवलं नाही, बाईमाणसाशी बोललो नाही. इथे ही सूप वाढते, तर छान झालंय म्हणायचं कसं तेही मला येत नाही. म्हणून गप्प बसतो."

व्हर्ना खुर्ची ओढून बसली. तिच्याजवळ घरातलंच तर होतं सगळं. तिनं तीन वाक्यं काढली. फिर्मां गेल्याचं मला परवा कळलं. मला फार वाईट वाटलं. तो माझा मित्र होता. काकांनी ती दहादा म्हटली. तिसऱ्यात मित्र या शब्दाशी आले की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

"आणि ती काय म्हणेल?" त्यांनी विचारलं.

"ते कसं सांगू, काका?"

"मला तरी सांग. पोरांसाठी बेकरीवाली व्हायचीस ना."

मग व्हर्ना सोलांज झाली. "आत या," ती म्हणाली. "दोर बांधतो," काका म्हणाले आणि कपाळाला हात लावला.

मादाम ओदीलनं सुरी खाली ठेवली. "सोलांज आत या म्हणणार नाही," ती सावकाश, दोघांना कळेल असं म्हणाली. "आधी रागावेल. आता मी होते सोलांज." आणि कमरेवर हात ठेवून तिनं काकांना असं झापलं, एवढी वर्षं कुठे होतास, पत्र नाही, फोन नाही, की काका खरोखर उठून उभे राहिले.

दुपारी धुक्यातून व्हर्ना आणि काका वरच्या आळीत गेले. पिवळं घर जवळ जाईपर्यंत पिवळं दिसलं नाही. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या बाईनं दार उघडलं. काकांनी टोपी काढली आणि पहिलं वाक्य न चुकता म्हटलं. दुसरंही म्हटलं. तिसऱ्याच्या आधीच ती म्हणाली, "तू अँब्रोज. हेरिंगवाला."

"हो."

"सोळा वर्षं."

याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. व्हर्नाला वाटलं, पुढे व्हावं, काहीतरी बोलावं. पण काका आपल्या धक्क्यावरच्या भाषेत म्हणाले, "मासा बंद झाला. बोट वर ओढली. मीही वर ओढला गेलो."

सोलांजनं दार पूर्ण उघडलं.

आत कॉफी झाली. मधूनमधून खिडकीची झडप भिंतीवर आपटत होती, तिचा दोर कुजून तुटला होता. काका दोन घोट घेत, मग झडपेकडे बघत. शेवटी त्यांनी दोर मागितला, पण अमुक जाडीचा, अमुक पिळाचा, असा नेमका शब्द वापरून. सोलांज उठली आणि माळ्यावरून फिर्मांच्या दोरांची टोपलीच घेऊन आली. काका खुर्चीवर चढले, तिनं खुर्ची धरली, आणि मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते व्हर्नाला अर्धंच कळलं. ओढ, सोड, अजून घे, कोण गेलं, कोण आहे, कुणाच्या बोटीचं काय झालं. मध्येच झडप निसटून सोलांजच्या बोटावर आपटली आणि तिच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली. इंग्रजीत, आणि अगदी केल्पी कोव्हच्या धाटणीत.

काका खुर्चीवरून पडता पडता राहिले. "हे कुठे शिकलीस?"

"फिर्मांकडून. तू त्याला एवढंच इंग्रजी शिकवलंस," ती बोट चोखत म्हणाली. "हे आणि एक ते वीस आकडे." आणि मग दोघं इतकी हसली की दोघांनाही डोळे पुसावे लागले, आणि ते बराच वेळ पुसत राहिले. व्हर्नानं आपल्यासाठी आणखी कॉफी ओतून घेतली. तिच्या मदतीची कुणाला गरज नव्हती, आणि यात तिला काही कमी वाटलं नाही.

निघताना काकांनी सोलांजला सांगितलं की कॉफी फार छान होती. तो सकाळी व्हर्नानं सुपासाठी शिकवलेला शब्द होता. बरोबर लागू पडला.

सोमवारी धुकं फाटलं आणि बोट सुटली. धक्क्यावर पोरांचे यजमान, ती पायरीवरची म्हातारी आणि सोलांज अशी सगळी आली होती. निरोपाचा धडा कुणी नीट म्हटला नाही. सगळी एकदम बोलत होती.

जूनच्या मध्यावर शाळेत पत्र आलं. बेटावरच्या शाळेतली सोळा पोरं पुढच्या वसंतात केल्पी कोव्हला येऊ म्हणत होती. त्यांच्या बाईंनी लिहिलं होतं, आमच्या मुलांना पुस्तकातलं इंग्रजी येतं, पण तुमच्याकडे कुठलं लागेल ते तुम्हीच कळवा, त्याप्रमाणे मी धडे बसवीन. व्हर्नानं ते फ्रेंच पत्र वर्गाला वाचायला दिलं. पोरांनी ते तिला न विचारता वाचलं, एका शब्दाला अडली, तिथे केंड्रानं शब्दकोश काढला.

मग नवा कागद लागला आणि गलका सुरू झाला.

"पहिलं हे लिहा, की मासा म्हणजे कॉड. बाकीच्यांना त्यांच्या नावानं हाक मारायची."

"आणि डिनर म्हणजे आपल्याकडे दुपारचं जेवण. त्यांना वाटेल रात्रीचं, उपाशी राहतील."

"दुकानातली ग्लॅडिस काकी सगळ्यांना राणी, सोन्या म्हणते, ते लिहा. नाहीतर कुणीतरी लाजेल."

"मिस, कुठे निघालास असं विचारलं तर खरं सांगायचं नसतं, हे त्यांना कसं कळवायचं?" ट्रॉयनं विचारलं.

"मग काय सांगायचं असतं?" व्हर्ना म्हणाली.

वर्ग विचारात पडला. आजवर याचा कुणी विचारच केला नव्हता. एका जुळीचं म्हणणं, नुसतं "जरा इथेच" म्हणायचं. दुसरीचं म्हणणं, हवेबद्दल बोलायचं. केंड्रा म्हणाली दोन्ही लिहू, आणि कोणी कधी काय म्हणायचं तेही लिहू. त्यावर भांडण जुंपलं. तोवर कागद खालपर्यंत भरला होता, आणि व्हर्ना आणखी कागद आणायला कोठीच्या खोलीकडे गेली.